लेकीला ‘लायझनिंग’ची नोकरी आली आहे, घेऊ द्यावी का?

इंदापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीने तिला ‘युटिलिटी कोऑर्डिनेटर’ म्हणून घ्यायची तयारी दाखवली आहे. वाघोलीकडे मोठा गृहप्रकल्प होणार आहे, त्याच्या वीज, पाणी, ड्रेनेज आणि गॅसच्या जोडण्या बघायच्या, त्यासाठी सरकारी कचेऱ्यांशी संपर्क ठेवायचा, म्हणजेच ‘लायझनिंग’. ताई लिहितात, “घरात सगळे म्हणतात, चार वर्षं इंजिनिअरिंग करून पोरगी फायली घेऊन ऑफिसांच्या दारात उभी राहणार. तिचे काका म्हणतात, एमपीएससी कर. तिला मात्र जायचंच आहे. हे इंजिनिअरचं काम आहे का? पुढे यात काही आहे का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

काम इंजिनिअरचंच आहे. ते नीट न झाल्याचा त्रास मी रोज बघते, म्हणून आधी आमच्या सोसायटीचंच सांगते. आमच्या इमारतीचं सांडपाणी बाहेर नेणारा पाइप रस्त्यातल्या ड्रेनेज लाइनपेक्षा हातभर खाली आहे. इमारत उभी राहीपर्यंत हे कुणी मोजलंच नाही. सांडपाणी उताराने वाहतं, चढ चढत नाही. मग गेटजवळ टाकी बांधून पंप बसवावा लागला. पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटर वेळेत सुरू झाला नाही, की पार्किंगमधल्या चेंबरमधून घाण पाणी वर येतं. तळमजल्यावरच्या आजी दाराला पोती लावून बसतात. बिल्डर केव्हाच निघून गेला, पंपाचं बिल आम्ही भरतो. पायाचं खोदकाम व्हायच्या आधी कुणी रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडून पाइपच्या तळाची पातळी घेतली असती, तर हे टळलं असतं. एका सकाळचं काम. या पातळीला ‘इन्व्हर्ट लेव्हल’ म्हणतात. ती घ्यायची आणि आर्किटेक्टच्या टेबलावर वेळेत पोचवायची, हे तुमच्या लेकीचं काम असेल.

आता पाणी बघा. ४०० फ्लॅटचा प्रकल्प धरा. घरटी ५ माणसं, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे रोजचे २,७०,००० लिटर. १०,००० लिटरचे २७ टँकर झाले, तेही दररोज. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी, म्हणजे २,१६,००० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडणार. २०२१ साली जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यात वाघोली होतं. पण गाव हद्दीत आलं म्हणून जलवाहिनी लगेच दारात येत नाही. २०१७ साली ठाण्याच्या घोडबंदर रोड भागात पाण्याच्या टंचाईवरून मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकाम परवानग्यांना स्थगिती दिली होती. पाणी कुठून, कधी आणि किती दाबाने येणार, याचं उत्तर बुकिंग सुरू व्हायच्या आधी हातात हवं. लोक आयुष्यभराची कमाई घालतात हो त्या घरात.

विजेचं गणित आणखी नाजूक. महावितरणकडे एकूण भाराचा अर्ज जातो. प्रत्येक फ्लॅटचा भार नुसता बेरजेने मांडला तर आकडा फुगतो, कारण ४०० घरांचे गीझर एकाच वेळी चालू नसतात. उलट हात आखडता घेतला, तर पुढे एसी आणि गाड्यांचे चार्जर वाढले की ट्रान्सफॉर्मर तापायला लागतो. मग जवळच्या फीडरला, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, हा भार पेलेल का, उपकेंद्रात वाव आहे का, केबल किती लांबून आणायची, वाटेतला रस्ता कुणाचा आणि खोदाईची परवानगी कोण देणार, हे प्रश्न येतात. ट्रान्सफॉर्मरची जागा नकाशातच राखावी लागते, आणि ती अशी की ट्रक थेट तिथवर जाऊन तो उतरवता येईल. ही जागा शेवटी आठवली, की ती मुलांच्या खेळायच्या मैदानातून कापली जाते. असं मी पाहिलं आहे आणि मला त्याचा फार राग येतो.

शिवाय हे सगळं एकाच अंतर्गत रस्त्याखालून न्यायचं असतं. पिण्याच्या पाण्याची लाइन ड्रेनेजपासून आडवी निदान ३ मीटर दूर ठेवावी, असं केंद्राची पाणीपुरवठ्याची नियमपुस्तिका सांगते. त्यात विजेच्या केबल, गॅसचा पाइप, पावसाळी गटार आणि इंटरनेटच्या तारा बसवून दाखवायच्या. काँक्रीट पडण्याआधी स्लीव्ह, म्हणजे पुढे केबल-पाइप ओवायच्या रिकाम्या नळ्या, टाकून घेतल्या नाहीत, तर नवा कोरा रस्ता पुन्हा फोडायचा.

फायली घेऊन फिरावंही लागेल, ते लपवत नाही. अर्ज, कोटेशन, भरणा, पाहणी, मग त्रुटी काढल्या म्हणून पुन्हा फेरी. तुम्ही पत्रात दबकत विचारलं आहे, की ‘टेबलाखालचे’ व्यवहार तिच्या गळ्यात पडतील का. ही भीती खोटी नाही. मुलाखतीतच तिने स्पष्ट सांगावं, की मी तांत्रिक कागद करीन, पाहणीला हजर राहीन, पैशांचं पाकीट माझ्या हातून जाणार नाही. यावर कंपनी नाराज झाली तर नोकरी नाकारा, मागे वळून बघू नका.

माझी खरी अट वेगळी आहे. काही कंपन्या या नावाखाली नुसते निरोप पोचवायला माणूस ठेवतात. तशा जागी दोन वर्षं गेली, तर हातात साहेबांचे फोन नंबर उरतात, विद्या नाही. नकाशे मंजुरीला जाण्याआधीच्या बैठकीत मला बसवाल का, भाराचा आणि पाण्याचा हिशेब कोण करतं, मी कोणत्या इंजिनिअरच्या हाताखाली असेन, हे तिने विचारावं. उत्तरं ‘ते बाहेरचा कन्सल्टंट बघतो, तू फक्त फॉलोअप कर’ अशी आली, तर काकांचं म्हणणं बरोबर ठरेल.

तोवर तिने क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि एपानेट (पाण्याच्या पाइपजाळ्याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर) शिकावं, दोन्ही फुकट मिळतात. पातळी मोजायची दुर्बीण, ऑटो लेव्हल, कॉलेजात हाताळली असेलच, पुन्हा हात बसवावा. ती सिव्हिलची, तेव्हा विजेचा सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीजजोडणीचा एकरेषी आराखडा, वाचायला शिकणं तिला जड जाईल; ते टाळू नये. विजेचं प्रत्यक्ष काम परवानाधारक ठेकेदाराचं आणि ‘चार्जिंग’ची, म्हणजे नव्या जोडणीत वीज सोडायची, परवानगी विद्युत निरीक्षकांची, ही हद्दही ओळखावी.

पगार सुरुवातीला साइट इंजिनिअरपेक्षा फार वेगळा नसतो. पुढे एमईपी (इमारतीतली यंत्रं, वीज आणि प्लंबिंग) सल्लागार, शहरी गॅस कंपन्या, टाउनशिपच्या पायाभूत सुविधा असे रस्ते फुटतात. काकांना सांगा, जीवन प्राधिकरणाच्या किंवा नगरपालिकेच्या परीक्षेला हा अनुभव आड येत नाही. मात्र तिचं मन खरंच एमपीएससीत असेल, तर ही नोकरी तात्पुरती म्हणून धरू नये. साइटचे तास अभ्यासाला जागा ठेवत नाहीत. तिला जायचंच आहे असं तुम्हीच लिहिलं आहे, म्हणून मी जाऊ द्या म्हणते.

सही करण्याआधी तिला एकदा साइटवर पाठवा. गेटसमोरच्या रस्त्यात ड्रेनेजचं चेंबर आहे का ते तिने स्वतः बघावं, आणि त्याची इन्व्हर्ट लेव्हल किती हे तिथल्या इंजिनिअरला विचारावं. वही न शोधता आकडा सांगणारं कुणी भेटलं, तर त्याच्या हाताखाली तिला निर्धास्त पाठवा.