‘नफा दुप्पट’ वाचून शेअर घेणाऱ्या नव्या भावाला

भाऊ, नागपूरच्या बर्डीवर तर्री-पोहे खाता खाता मोबाइलवर ‘नफा दुप्पट’ वाचलं अन् शेअर घेतला ना? मीही एकदा असाच फसलो. कंपनीनं जमीन विकली होती, तो पैसा नफ्यात धरलेला. पुढच्या तिमाहीत विकायला जमीन नव्हती, भाव आपटला.

बातमी वाचली की एक्स्चेंजच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या, साइटवर जाऊन निकालाचा मूळ कागद उघड. तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत तो द्यावाच लागतो, वार्षिक निकाल 60 दिवसांत. ‘इतर उत्पन्न’ (मुख्य धंद्याबाहेरची कमाई) आणि ‘अपवादात्मक बाबी’ (जमीन विक्रीसारख्या एकदाच घडणाऱ्या गोष्टी) वजा करून काय उरतं ते बघ. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी कर. दिवाळीची विक्री पावसाळ्याशी काय जुळवायची!

रोख प्रवाहाचा तक्ता, म्हणजे प्रत्यक्ष पैसा किती आला-गेला त्याचा हिशेब, मात्र दर सहा महिन्यांनी येतो. तो सोडू नको. नफा वाढतोय, पण धंद्यातून रोकड येत नाही अन् गिऱ्हाइकांकडची उधारी फुगतेय, तर थांब. सत्यम या आयटी कंपनीच्या वहीत तर बँकेतली रोकडच खोटी होती, 2009 मध्ये कळलं. म्हणून ऑडिटरनं, म्हणजे कंपनीचे हिशेब तपासणाऱ्यानं, मध्येच राजीनामा दिल्याची कोपऱ्यातली बारकी बातमी मी मथळ्याच्या आधी वाचतो.