भंगार नंतर, आधी फ्रेम

प्रिय,

तुझी फिल्म दोनदा पाहिली. वायरी, गंज, रक्त, किंकाळ्या, सगळं भरपूर आहे. 'तेत्सुओ'नं तुला झपाटलंय हे पहिल्या दहा सेकंदांतच कळतं. झपाटून घ्यावं असाच सिनेमा आहे तो. पण तू त्यातलं भंगार तेवढं उचललंस.

शिन्या त्सुकामोतोचा हा १९८९चा जपानी सिनेमा १६ मिमी फिल्मवरचा, कृष्णधवल, जेमतेम ६७ मिनिटांचा. लेखन, दिग्दर्शन, संकलन त्याचंच, वर एक मुख्य भूमिकाही. त्यातली नटी केई फुजिवारा काम करता करता कॅमेराही सांभाळायची.

त्यातला माणूस पाय न हलवता गल्लीबोळांतून सुसाट घसरत जातो ना, तो भाग थांबवत थांबवत बघ. नट उभा राहतो, एक-दोन फ्रेम घ्यायच्या, कॅमेरा बंद. तो वीतभर सरकतो, पुन्हा तेच. सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे दहा सेकंदांसाठी, दोन-दोन फ्रेम घेतल्या तरी, १२० वेळा सरकायचं. तू सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवलास, म्हणून तुझा नायक मूकपटातल्या विनोदवीरासारखा तुरुतुरु पळतो. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू?

आणि नायकाची भीती कुठून सुरू होते तेही बघ. चष्मा लावणारा साधा नोकरदार सकाळी दाढी करतोय आणि गालातून लोखंडाचं इवलंसं टोक वर आलेलं दिसतं. बस्स. तू पहिल्याच शॉटला अख्खा हात कापलास, मग पुढे वाढवायला उरलं काय?

शोझिन फुकुईचा 'पिनोकिओ ९६४' (१९९१) जरूर बघ. उत्तरार्ध मला फार ताणलेला वाटतो, पण भर गर्दीतून धावणारी ती पात्रं सोडू नकोस. त्याआधीची धग हवी असेल तर सोगो इशीचा 'बर्स्ट सिटी', १९८२चा. चू इशिकावाचं 'तेत्सुओ'चं संगीत मात्र चित्राशिवाय, डोळे मिटून ऐक. पत्र्यावरचे घाव मोजता आले पाहिजेत.

पुढच्या रविवारी मला फक्त दहा सेकंद पाठव. रक्त नको, आवाज नको. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसव, नटाच्या बुटापाशी दर वेळी खडूनं खूण कर. मागची सावली सरकेल, तिला हात लावू नकोस. आणि नटाला आधी पोटभर जेवायला घाल, दुपार जाईल त्याची.

तुझा,
काका