ब्लू रॅम तिसऱ्या आठवड्यात का दगावतात

तुमची मांडणी थोडक्यात अशी: दोन फुटी प्लांटेड टँक (जिवंत पाणवनस्पतींचा), तळाला अ‍ॅक्वासॉइल, म्हणजे वनस्पतींसाठीची पोषक दाणेदार माती, भरून जेमतेम महिना, वनस्पतींसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) चालू, तापमान २५, दर आठवड्याला निम्मं पाणी बदलता आणि ते बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५००. ब्लू रॅम या छोट्या रंगीत माशाची जोडी आणून अठरा दिवस झाले. नर काळवंडून हीटरमागे उभा आहे, खाणं तोंडात घेऊन थुंकतो, विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी. अमोनिया ‘फक्त ०.५’ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). तर औषध कोणतं?

औषध सांगतो, पण आधी टँक. नर बरा होऊन याच पाण्यात परतला तर पुन्हा तेच होणार.

त्या ‘फक्त’ला अर्थ नाही. नवी सॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. सॉइलमुळे पीएच ६.५ च्या आसपास असतो, म्हणून त्यातला बहुतेक भाग अमोनियमच्या रूपात, तुलनेने निरुपद्रवी राहतो. मग रविवारी बोअरच्या पाण्याच्या बादल्या पडतात आणि पीएच चढतो. ६.५ चा ७.५ झाला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळपास दहापट होतं. किटवरचा आकडा मात्र तोच, कारण किट दोन्ही एकत्र मोजतं. सीओटू बंद असताना पीएच आणखी थोडा वर जातो. पाणी बदलल्यावर दोन तासांत रॅम कोपरा धरत असेल तर संशय इथेच घ्या.

सॉइलच्या टँकमध्ये रॅम सहा ते आठ आठवड्यांनी सोडायचा. अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य हवेत, नायट्रेट २० च्या खाली. तोवर झाडं वाढू द्या, टँकला घाई नसते.

पाण्यासाठी घरच्या आरओचं पाणी वापरा. मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असेल तर तो कच्चं पाणी मिसळतो, म्हणून एकदा मीटरने बघा. तुमच्या टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास. आठवड्याला ११ लिटर बदलणं पुरे. ९ लिटर आरओ आणि २ लिटर बोअर मिसळलं की टीडीएस ११० च्या जवळपास येतो. हे पाणी टँकपेक्षा एक-दोन अंशांहून थंड नको. आताच्या टीडीएसवरून एकदम उतरू नका, चार-पाच आठवड्यांत हळूहळू या.

आता तापमान, कारण प्लांटेड टँकवाल्यांचं इथेच वाकडं येतं. रॅम ओरिनोकोच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला मासा आहे. त्याला २८ ते ३० लागतं. २५ ला तो लगेच मरत नाही. पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती घसरते आणि आतड्यात आधीच असलेले परजीवी डोकं वर काढतात. हीटर १०० वॅटचा घ्या, पुण्या-नाशिकच्या थंडीत ५० वॅटचा कमी पडतो. त्याच्या चकतीवरच्या आकड्यावर भरवसा नको, थर्मामीटर वेगळा लावा.

पाणी गरम केलं की ऑक्सिजन घटतो: २५ अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅम मावतो, ३० ला ७.५. वर ३० पीपीएम सीओटू सोडलात तर मासे धापा टाकणार. ड्रॉप चेकर (रंगावरून सीओटू दाखवणारी टँकमधली कुपी) हिरवा ठेवा, पिवळट नको. सीओटू दिव्यांच्या तासभर आधी बंद, रात्री एअरस्टोन चालू. मॉन्टे कार्लो या तळावर पसरणाऱ्या वनस्पतीला २९ अंश मानवत नाहीत, तिचा गालिचा हवाच असेल तर रॅमचा नाद सोडा. क्रिप्टोकोरिन वेंडटी, अ‍ॅन्युबियास, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, रोटाला रोटंडिफोलिया एवढ्यावर सुंदर टँक होतो. सोबतीला कार्डिनल टेट्रा आणि स्टर्बाय कोरी हे मासे. निऑनला एवढी ऊब मानवत नाही.

पुढच्या बाजूला २० बाय १५ सेंटीमीटरची बारीक वाळूची जागा सोडा. रॅम वाळू तोंडात घेतो, चाळतो, कल्ल्यांतून सोडतो. सॉइलचे टपोरे दाणे त्याला चाळता येत नाहीत. त्यावर एक सपाट दगड, अंडी तिथेच घालतात. देशी बदामाची आपोआप गळून वाळलेली पानं, २० लिटरला एक, उत्तम. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या झाडाची उचलू नका.

आता औषध. काळवंडणं, थुंकणं, पोट खपाटीला जाणं आणि पांढरी दोरी ही सगळी लक्षणं एकत्र असतील तर बहुधा हेक्झामिटासारखे आतड्यातले परजीवी. नुसती पांढरी विष्ठा उपाशी माशालाही होते. नराला २० लिटरच्या टबमध्ये ३० अंशांवर, एअरस्टोन लावून ठेवा. मेट्रोनिडाझोल लिटरला ६ ते ७ मिलिग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅमची गोळी ३० लिटरला. तुमच्या टबला दोन तृतीयांश. दर दिवसाआड, आधी पाव पाणी बदलून, असे तीन डोस. औषध उजेडात विघटन पावतं, टब झाकून ठेवा. मासा गिळत असेल तर पाण्यापेक्षा खाद्यातून देणं जास्त लागू पडतं: ग्रॅमभर खाद्याला १० मिलिग्रॅम. गुदद्वारातून लालसर धागे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस कृमी, तिथे मेट्रोनिडाझोल निरुपयोगी, लेव्हामिसोल लागतं आणि ते अख्ख्या टँकला द्यावं लागतं.

जिवंत ट्युबिफेक्स (खाद्य म्हणून मिळणारा लाल किडा) बंद करा. तो घाण पाण्यात वाढतो आणि रोग सोबत आणतो. गोठवलेला आर्टिमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी) आणि बारीक दाणे, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

पुढची जोडी घेताना दुकानात डोळ्यांसमोर खायला घालून बघा. मादीचं पोट गुलाबी असतं आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे कण चमकतात. नराच्या पाठीच्या पराचे पुढचे काटे लांब. आरओ जमणारच नसेल तर बोलिव्हियन रॅम घ्या, तो २४ ते २६ अंशांत आणि थोड्या जड पाण्यातही टिकतो, रंग मात्र फिका.