बोटं दुखतात, बास गिटार सोडू का?

प्रश्न: अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे, ३४ इंची बासवर (म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३४ इंच) पहिल्या फ्रेट्सपर्यंत, म्हणजे नेकवरच्या टोकाकडच्या धातूच्या पट्ट्यांपर्यंत, हात ताणला की कळ येते. हाताच्या मापाचा कस्टम बास बनवून घेऊ का?

उत्तर: सोडू नका हो! आधी दुकानात ३० इंची शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारांचा बास, वाजवून बघा, फेंडर मस्टँग किंवा हॉफनरचा व्हायोलिन बास, बीटल्सचा पॉल मॅकार्टनी वाजवतो तो, कारण पहिल्या चार फ्रेट्समध्येच साधारण पाऊण इंच ताण वाचतो आणि त्याच गेजच्या (जाडीच्या) तारा सैल लागतात म्हणजे दाबायला जोर कमी. तरी दुखलं तर कस्टम. बनवणाऱ्याला हात प्रत्यक्ष दाखवा, नेक (डाव्या हाताने धरायची दांडी) बारीकच हवी असं धरू नका, फार पातळ नेकवर काहींचा अंगठा उलट जास्त आवळतो. बॉडी हलकी घ्या, पण हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) खाली झुकायला नको, नाहीतर डावा हात नेक उचलण्यातच दमेल. आणि हॅन्ड थेरपिस्टला वाजवतानाचा व्हिडिओ नक्की दाखवा.