बाळंतपणातलं बीपी पुढे हार्टला नडतं का?

हा प्रश्न आता आठवड्यातनं एकदा तरी येतोच, कुणाच्या तरी नात्यात पंचेचाळिशीतल्या बाईला लकवा झालेला असतो आणि मग सगळ्याजणी घाबरतात. मागे एक ताई आल्या होत्या, वय ४२, घरगुती मेस चालवतात, सोबत सासूबाई आणि सतरा वर्षांची लेक. नणंदेला स्ट्रोक झाला तेव्हापासून यांची झोप उडालेली. म्हणाल्या, मॅडम, हिच्या वेळी मला आठव्या महिन्यात बीपी चढलं होतं, तोंड-पाय सुजले, लघवीत प्रोटीन, ताबडतोब सिझर केलं, आता माझ्या हार्टचं काय?

सासूबाई मधेच, "अगं ते बाळंतपणाबरोबर गेलं की."

इथेच घोटाळा होतो बघा. डिलिव्हरीनंतर बीपी उतरतं, गोळ्या बंद होतात, फाईल कपाटात साड्यांखाली जाते, आणि पुढे ताप-खोकल्याला डॉक्टरकडे गेलं तर तुमची बाळंतपणं कशी झाली हे कोण विचारतंय? यांचं बीपी तर त्यानंतर एकदाही मोजलेलं नव्हतं, सतरा वर्षं!

मी सरळ सांगितलं, हो ताई, संबंध आहे. गरोदरपणी ज्यांना असं बीपी झालं (प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात याला) त्यांना पुढे हृदयविकार आणि स्ट्रोकचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो, आणि कायमचं बीपी मागे लागायची शक्यता त्याहून जास्त. पण दुप्पट म्हणजे होणारच असं नाही हं, चाळिशीत हा धोका मुळात कमी असतो, त्याची दुप्पट. गरोदरपणातली शुगर, दिवस भरायच्या आधीची डिलिव्हरी, चाळिशीच्या आत पाळी जाणं, हेही त्याच यादीतलं. गर्भपिशवी काढताना अंडाशयंही काढली असतील तर तेही सांगायचं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय गाजला तेव्हा सगळे पिशवीवरच बोलत होते, कमी वयात अंडाशयं गेली तर पुढे हार्टचं काय होतं हे फारसं कुणी काढलंच नाही.

एवढं बोलून झालं तर लेक रडायला लागली. माझ्यामुळे आईला झालं ना हे? घरात तिनं लहानपणापासून ऐकलेलं, "हिच्या पायी आई मरता मरता वाचली". खरं सांगते, बीपी-बिपी राहिलं बाजूला, पुढचा अर्धा तास त्यातच गेला. तिला म्हटलं, अगं गरोदरपण ही शरीराची परीक्षा असते, रक्तवाहिन्यांवर इतका ताण पडतो की आधीच जिथे कच्चं असतं ते तेव्हा बाहेर येतं, कधी त्या आजारानेही वाहिन्यांना थोडी इजा होते, पण बाळाने काही केलं म्हणून नाही. तुझ्यामुळे उलट आईला आधीच कळलं, नणंदेला कुठे काय कळलं होतं? सासूबाई खाली बघत होत्या.

त्या दिवशी बीपी १५०/९६ आलं. एकदा मोजून काही ठरत नाही म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला लावलं, शुगर, कोलेस्टेरॉल केलं, आणि मग गोळी सुरू झाली. मेसमुळे लोणचं, पापड, उरलेला रस्सा, सगळं यांच्याच ताटात, ते कमी करणं मात्र गोळीपेक्षा अवघड गेलं 😅 बीपीची वही लेक लिहिते.

दुसऱ्या खेपेला जुनी फाईल आणायला सांगितली होती, ती आणली. मी त्यातलं नव्या केसपेपरवर उतरवून घेत होते, डिलिव्हरीचं वर्ष, कितवा महिना, बीपी किती. सासूबाई बराच वेळ गप्प बसून बघत होत्या, मग हळूच म्हणाल्या, माझी पण दोन पोरं पोटातच गेली होती, ते पण लिहायचं असतं का?

म्हटलं हो आई, लिहायचं असतं. आणि त्यांचा वेगळा केसपेपर काढला.