एसीएलनंतर मांडीत ताकद आली की नाही, हे टेप सांगत नाही

तुम्ही विचारलंय की एसीएलचं (गुडघ्याला आतून धरून ठेवणाऱ्या लिगामेंटचं) ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, टेपने मोजलं तर दोन्ही मांड्यांत जेमतेम एक सेंटिमीटरचा फरक उरलाय, मग कबड्डीच्या मॅटवर उतरू का. नका उतरू, प्लीज. मी फिजिओ आहे, माझ्याकडे कबड्डीची पोरंपोरी बरीच येतात आणि या टेपच्या भरवशावर घाई केलेली खूप बघितलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टेपने घेर कळतो. त्या घेरात चरबी आली, सूज आली, मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग आले, शिवाय गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर धरली की १५ वर, त्यानेही आकडा बदलतो. आणि समजा मांडी खरंच भरली, तरी तो स्नायू पूर्ण चालू होतोय का हे कसं कळणार? लिगामेंट तुटलं की गुडघ्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बिघडतात, आत पाणी झालं असेल तर अजूनच, आणि मग शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्सला, आपणहून ब्रेक लावतं. माणूस जीव खाऊन जोर लावतो पण सगळे तंतू कामाला लागतच नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत पाय सरळ उचलायला सांगितला की गुडघा थोडा वाकतो ना, ते बऱ्याचदा यामुळेच. पेशंट आळशी नसतो हो, घरच्यांनी ओरडू नये.

हाताने तपासण्याचंही तसंच. एक रेडर मुलगी आली होती, आधीच्या फाईलवर मांडीची ताकद ५ पैकी ५ लिहिलेली. मांडी हा इतका दांडगा स्नायू आहे की अर्धवट बरा झालेला असला तरी तपासणाऱ्याच्या हाताला भारी पडतो, मग ५ पैकी ५ मिळतातच. तिला आयसोकायनेटिक मशीनवर बसवलं, कंबरेला आणि मांडीला पट्टे, नडगीला दांडा बांधलेला. तुम्ही कितीही जोर लावा, दांडा सेकंदाला ६० अंश याच वेगाने फिरतो आणि तुमचा जोर स्क्रीनवर उमटतो. चांगल्या पायाची रेघ टेकडीसारखी गोल चढली, ऑपरेशनच्या पायाची बुटकी, मध्येच खचलेली. चांगल्या पायाच्या ६८ टक्के. ती म्हणाली, "मॅडम, मी तर पूर्ण जोर लावला होता." लावलाच होता तिने.

हे मशीन मोठ्या शहरांतच मिळतं, पण नसेल तर अडून बसू नका. खुर्चीला पट्ट्याने बांधून छोट्या डायनॅमोमीटरवर (जोर मोजणाऱ्या यंत्रावर) गुडघा ९० अंशात ठेवून मोजता येतं, तेही नसेल तर जिमचं लेग एक्स्टेन्शन, एकेक पाय वेगळा (पण कोणत्या कोनात आणि किती वजन, हे सर्जन आणि फिजिओला विचारल्याशिवाय अजिबात नको, ग्राफ्टवर, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेल्या पट्टीवर, ताण येतो). ऑपरेशनच्या पायाचा आकडा भागिले चांगल्या पायाचा, गुणिले १००. खेळायला निदान ९० तरी हवेत.

आता इथे एक गोम आहे, पाच महिने घरी बसून चांगला पायही उतरलेला असतो, त्यामुळे टक्केवारी फुगून दिसते. म्हणून ऑपरेशनच्या आधी चांगल्या पायाचा आकडा घेतला असेल तर तो शोधून काढा, तुलना त्याच्याशी करा. नसेल तर तुमच्या वजनाच्या हिशेबात बघा, मशीनवर बरेच जण किलोमागे ३ न्यूटन मीटरच्या (मशीन याच एककात जोर दाखवतं) आसपासचं टार्गेट धरतात.

एका पायावरची लांब उडीही घेतात, घ्यावीच, पण एकट्या उडीवर जाऊ नका. खुबा आणि घोटा मिळून मांडीची उणीव झाकतात, अंतर सारखं येतं आणि क्वाड्स मागेच राहिलेले असतात.

आणि महिन्यांचं म्हणाल तर खेळाडूंवरचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यात ९ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवला तितक्या वेळा पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं, आणि ज्यांच्या दोन्ही मांड्यांची ताकद जास्त सारखी होती त्यांचे गुडघेही कमी दुखावले. तुमचे आत्ता पाच झालेत.

या आठवड्यात दोन्ही पायांचा आकडा काढून घ्या, कोन आणि खुर्ची लिहून ठेवा, आणि सहा आठवड्यांनी तसंच्या तसं परत मोजा. ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा असेल तर मागची मांडीही मोजायला सांगा, ती हमखास राहून जाते.