कार्बनची सायकल ऑक्टोबरमध्ये, कॅम्पची फी आजच

प्रश्न: आम्ही गणपतीपुळ्याच्या अलीकडे राहतो. हापूसची ऐंशी कलमं आहेत, शिवाय पर्यटकांना दोन खोल्या देतो. घरखर्च खोल्यांवर निघतो. सोळा वर्षांची लेक रोड सायकलिंगच्या स्पर्धांत उतरते. दहावीची परीक्षा झाली आहे. या सुट्टीत पुण्यात 21 दिवसांचा कॅम्प, तीन स्पर्धा आणि अकरावी सायन्सचा क्लास आहे, आणि मधल्या दिवसांत ती पेट्या भरायला बसते. तिला 2 लाख 35 हजारांची कार्बन फायबरची हलकी सायकल हवी आहे. आंब्याचे सव्वातीन लाख हातात आलेत, अजून लाखभर येतील. पीककर्ज दीड लाख आहे. तिच्या शिक्षणासाठी तीन लाखांची एफडी आहे, ती जून 2028 मध्ये पिकेल. सुकन्या खातंही आहे. एफडी मोडावी, सुकन्यातून काढावेत, की दुकानदार देतो ते बारा हप्ते घ्यावेत?

उत्तर: ताई, तिन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. पण सायकल घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पहाटे पाचला लाल दिवा लावून आरे-वारेचा चढ चढणारी आणि आठला घरी येऊन पेंढ्यात आंबे लावायला बसणारी मुलगी हौस म्हणून सायकल मागत नसते. तिच्या मागणीला मान देऊनच हिशेब करू.

आधी सुकन्या. दहावी झाली की शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते हे खरं, पण ती फक्त शिक्षणासाठी आणि प्रवेश किंवा फीच्या कागदपत्रांवर. सायकलीसाठी ते दार बंद आहे.

एफडीचं वेगळं. ती मुदतीआधी मोडली तर जितके दिवस ठेवली तितक्या दिवसांचाच दर मिळतो, आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. माझी खरी हरकत मात्र तारखेला आहे. लेकीची बारावी फेब्रुवारी 2028 मध्ये, प्रवेश त्या जून-जुलैत, आणि एफडी पिकते नेमकी तेव्हाच. ही तारीख तुम्ही विचार करून साधलेली दिसते, ती हलवू नका. त्यातच सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमात वय जन्मवर्षावरून धरतात. तिचा जन्म 2010 चा असेल तर 2027 आणि 2028 ही दोन वर्षं ती ज्युनिअर, म्हणजे 17-18 वर्षांच्या गटात. म्हणजे खेळाचा आणि शिक्षणाचा मोठा खर्च एकाच वेळी दारात येणार. त्या दिवशी एफडी शाबूत हवी.

हप्त्यांचं म्हणाल, तर पगारदाराला दर महिन्याला पैसे येतात, बागायतदाराला वर्षातून एकदा. जुलै-ऑगस्टमध्ये, खोल्या रिकाम्या आणि बागेत खत घालायचं असताना, वीस हजारांचा हप्ता कुठून काढणार?

आता हातातले सव्वातीन लाख. त्यातून पहिले दीड लाख पीककर्जाला, मुदतीच्या आत. वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची 3 टक्के व्याजसवलत मिळते, शिवाय राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. मुदत चुकली की ही सवलत जाते. इतकं स्वस्त कर्ज तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही, त्याचं खातं स्वच्छ ठेवा. पुढचे नव्वद हजार खत, फवारण्या आणि मजुरीचे. हे तुम्ही पत्रात कुठेच धरलेले नाहीत, म्हणून जरा जोर देऊन सांगते. मोहोराच्या वेळी फवारणीला पैसे नसले तर पुढच्या वर्षी सायकलीचा प्रश्नच उरणार नाही. मग कॅम्पची फी, जाण्यायेण्यासकट पन्नास हजार, आणि क्लासचा पहिला हप्ता पंधरा हजार. क्लासचे पंचेचाळीस हजार एकदम भरू नका, तीन हप्ते मागा. उरले वीस हजार.

आणि झाडावरचे लाखभर? ताई, झाडावरचा आंबा जमेत धरायचा नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं! मे महिन्यात एक वळवाचा पाऊस आला की पेटीचा आंबा कॅनिंगच्या कारखान्याला किलोवर, स्वस्तात जातो.

कॅम्पला मी सायकलीच्या आधी का ठेवलं, तेही सांगते. तुमची लेक किनाऱ्याच्या रस्त्यावर एकटी चालवते. शर्यतीत पन्नास जणींच्या घोळक्यात, पुढचीच्या चाकाशी वीतभर अंतर ठेवून चालवावं लागतं. ते एकटीने शिकता येत नाही, सायकल कितीही भारी असली तरी. शिवाय सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वर वेग गेला की बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि वारा अडवतं ते मुख्यतः चालवणारीचं शरीर. चढावर वजन मोजलं जातं, कबूल. पण शर्यतीची सायकल नियमाने 6.8 किलोच्या खाली चालतच नाही, आणि तिची ॲल्युमिनियमची साडेनऊची आहे असं तुम्ही लिहिलंय. अडीच-पावणेतीन किलोंसाठी 2 लाख 35 हजार, हा या उन्हाळ्याचा सौदा नाही. उरलेल्या वीस हजारांतले दहा चांगल्या टायरवर आणि उंचीनुसार सीट-हँडल बसवून घेण्यावर घाला. फरक तिला पहिल्याच शर्यतीत कळेल.

सहा हजार आणखी एका गोष्टीला: मेमध्ये दहा दिवस पेट्या भरायला एक बाई लावा. कॅम्प, तीन स्पर्धा, क्लास आणि वर पेट्या, यात त्या मुलीला झोप कुठे आहे? जमलं तर एक स्पर्धाही गाळा. या वयात दमलेलं शरीर दुखावतं आणि मग दवाखान्याचं बिल येतं. घरच्या आरोग्य विम्यात सायकल स्पर्धेतला अपघात धरला जातो का, हे विमा कंपनीला ईमेल करून लेखी विचारून ठेवा. धोकादायक खेळ व्यावसायिक म्हणून खेळताना झालेली दुखापत बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते. तुमची लेक व्यावसायिक नाही, पण उत्तर कागदावर असलेलं बरं.

राहिली सायकल. आत्ता घेतली तर जूनपासून चार महिने ती ओटीवर भिंतीला टेकून राहील. आपल्याकडच्या पावसात, शेवाळलेल्या उतारावर, नवी कार्बन सायकल कोण काढतं? खाऱ्या हवेत आठवडाभर चेन पुसली नाही तर कडी-कडीला तांबूस गंज दिसतो, हे तुमच्या लेकीला विचारा. म्हणून ऑक्टोबर. मेअखेर झाडावरचे लाख खरोखर आले तर त्यातून क्लासचे उरलेले तीस हजार द्या आणि सत्तर हजार चार महिन्यांच्या एफडीत टाका. जुन्या सायकलीचे पंचवीस हजार आणि दिवाळीच्या बुकिंगच्या आगाऊ रकमेतले पंचवीस धरले तर एक लाख वीस हजार होतात. तेवढ्यात वापरलेली चांगली कार्बन सायकल मिळू शकते. मूळ बिल आणि फ्रेमवरचा नंबर जुळवून बघा, आणि फ्रेमला तडा नाही ना हे कॅम्पमधल्या कोचला किंवा मेकॅनिकला दाखवूनच पैसे द्या.

नवीच घ्यायची वेळ आली तर तुम्ही पाठवलेलं दुकानाचं ते कोटेशन बदलून घ्या. ते ऑगस्ट 2025 चं आहे. सायकलीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. 2 लाख 35 हजारांत तो कर धरलेला असेल, तर फक्त कराचेच साधारण चौदा-पंधरा हजार कमी व्हायला हवेत.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिना 10,000 रुपये भत्ता मिळतो. तो मी मुद्दाम हिशेबात धरलेला नाही. मिळाला तर तिच्या खाण्यावर आणि प्रवासावर खर्च करा.

कॅम्पची फी 20 एप्रिलच्या आत भरायची आहे असं तुम्ही लिहिलंय. ती आजच भरा. आणि हा हिशेब रात्री लेकीला शेजारी बसवून दाखवा, फवारणीच्या नव्वद हजारांसकट. ऑक्टोबर का, हे तिला तुमच्याकडूनच कळू दे.